खेळलेली वर्षं वाया गेली म्हणणाऱ्यांना

आमच्या नळदुर्गात आणि भोवतालच्या गावांत एक मत इतकं मुरलंय की ते कुणी तपासूनही बघत नाही. चाळिशीतला एखादा जुना खो-खोपटू, कबड्डीत चढाया गाजवलेला गडी नाहीतर तालमीतला पैलवान भेटला, की लोक त्याच्या तोंडावर म्हणतात, "खेळायचा भारी, पण खेळापायी वाया गेला." आणि तोही मान डोलावतो. शाळेच्या बक्षीस समारंभाला पाहुणा म्हणून आलेला माजी खेळाडू माईक हातात घेऊन समोरच्या पोरांना सांगतो, "आम्ही चूक केली, बाळांनो, तुम्ही करू नका." पालक टाळ्या वाजवतात. पुढच्या आठवड्यात मैदानावर येणाऱ्या पोरांतली दोन-चार कमी झालेली असतात. मला या टाळ्यांचा संताप येतो. टाळ्या वाजवणाऱ्यांशी मला भांडायचं आहेच, पण त्याहून जास्त त्या मान डोलावणाऱ्या खेळाडूशी बोलायचं आहे.

त्यांचं म्हणणं काही न वगळता मांडतो. पंधरा ते पंचवीस ही आयुष्य उभं करायची वर्षं. या वर्षांत जो रोज संध्याकाळी मैदानावर गेला त्यानं ती उधळली. राज्य पातळीचं प्रमाणपत्र मिळवून खेळाडूंसाठीच्या पाच टक्के आरक्षणातून सरकारी नोकरीला लागला, तर त्याचं खेळणं सार्थकी. नाही लागला, तर चूक. गुडघा घेऊन बसला, तर दुप्पट चूक. देशासाठी खेळायची कुवत ज्याच्यात नव्हती त्यानं एवढा जीव लावायलाच नको होता. हौस म्हणून रविवारी तासभर ठीक, रोज कशाला? आणि गरिबाच्या पोरानं तर मुळीच नको. हौस ही पोट भरलेल्यांची.

यातलं एकही वाक्य टिकत नाही.

वेळेपासून सुरुवात करू, कारण सगळ्यात मोठा आरोप वेळेचा आहे. खो-खोचा सराव म्हणजे दिवसाचा किती वेळ? शाळा सुटल्यावर साडेपाचला मैदान, अंधार पडायच्या सुमाराला घर. स्पर्धा जवळ आल्या की पहाटेचा आणखी तास. त्याच वर्गातली जी मुलं या दीड-दोन तासांत मैदानावर नव्हती ती सगळी पुस्तकात डोकं घालून बसली होती का? ती हायवेकडच्या हॉटेलावर होती, स्टँडवर होती, पारावर होती. आज ती मोबाइलवर आहेत. त्यांच्यातल्या कुणाला चाळिशीत गाठून कुणी विचारत नाही, की बाबा, तुझे दोन तास कुठं गेले? जाब फक्त खेळणाऱ्याला. का? तर त्याचे दोन तास दिसतात. चुन्याच्या रेषा आखलेल्या मैदानावर, सगळ्या गावासमोर, त्यानं ते घालवले. बाकीच्यांचे कुठं गेले याची नोंदच नाही. नोंद असलेला खर्च तेवढा उधळपट्टी, हा कसला हिशेब?

दुसरी गोष्ट तर याहून खटकते. याच तालुक्यातली मुलं पदवीनंतर पुण्याला किंवा संभाजीनगरला जातात, खोली घेतात, स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतात. पाच वर्षं, सात वर्षं. जागा थोड्या, बसणारे लाखोंनी, त्यामुळे बहुतेक जण निकाल हाती न लागता परत येतात. त्यांच्या कष्टांबद्दल मला आदरच आहे. पण गाव त्यांना काय म्हणतं? "नशिबानं साथ दिली नाही." मग ज्यानं तेवढीच वर्षं रोजचे दोन तास, तेही शाळा-कॉलेज सांभाळून, खो-खोला दिले आणि राज्याच्या संघात ज्याची निवड झाली नाही, त्याच्याच वाट्याला "वाया गेला" का? एकाला नशीब आडवं आलं आणि दुसऱ्यानं चूक केली, हा निवाडा कुठल्या न्यायानं?

आता त्या पाच टक्क्यांकडे. राज्य सरकारनं २००५ साली खेळाडूंसाठी सरकारी नोकऱ्यांत पाच टक्के समांतर आरक्षण ठेवलं, २०१६ साली त्याचे निकष नव्यानं ठरवले. निर्णय चांगला आहे. त्यातून अनेक घरं सावरली. पण आपण त्याचं काय केलं? खेळाची किंमत मोजायचं तेच एकमेव माप करून टाकलं. पोरगं मैदानावर गेलं की पहिल्या महिन्यात बाप सरांना विचारतो, "सर, सर्टिफिकेट कधी मिळंल?" तालुक्याला हरल्यावर हाच बाप म्हणतो, "बघा, काही कामाला आलं का?"

शालेय स्पर्धांची उतरंड डोळ्यांसमोर आणा. आधी तुळजापूर तालुका, मग धाराशिव जिल्हा, मग लातूर विभाग, मग राज्य. प्रत्येक पायरीवर एकच संघ पुढं जातो, बाकीचे घरी. म्हणजे जिंकणाऱ्या एका संघामागं हरणारे कितीतरी संघ लागतातच. ते मैदानात उतरलेच नसते, तर जिंकणारा कुणाशी खेळला असता? जिल्ह्याचा खो-खो आज ज्या ताकदीनं उभा आहे तो पदकवाल्या दहा-वीस जणांनी उभा केलेला नाही. दरवर्षी पहिल्या फेरीत हरून पुढच्या वर्षी परत आलेल्या शेकडो पोरापोरींनी तो उभा केला. त्यांच्या खेळण्याला चूक म्हणणं म्हणजे जिंकणाऱ्याच्या पायाखालची जमीन काढून घेणं.

आणि प्रमाणपत्र हेच खेळाचं फळ मानलं की पुढं काय होतं, तेही महाराष्ट्रानं पाहिलं. काही वर्षांपूर्वी ट्रॅम्पोलिनच्या बनावट प्रमाणपत्रांचं प्रकरण उघडकीला आलं. कधी न खेळलेल्यांनी कागद मिळवले आणि त्या कागदावर नोकऱ्या. मला यात नवल वाटलं नाही. खेळ व्यर्थ, कागद सार्थ, हे आपणच पोरांना शिकवत आलो. मग कुणीतरी खेळ वगळून नुसता कागद घेतलाच. त्याला दोष देणाऱ्यांनी आपल्या टाळ्या आठवाव्यात.

सारिका काळे यांचं नाव इथं घ्यायलाच हवं, पण ज्या कारणासाठी ते नेहमी घेतलं जातं त्यासाठी नको. आपल्या धाराशिवची ही मुलगी. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारतीय महिला खो-खो संघाची कर्णधार. २०२० साली अर्जुन पुरस्कार. खो-खोला तो तब्बल बावीस वर्षांनी मिळाला होता. पुरस्कार जाहीर झाला तेव्हा त्या तुळजापूरला तालुका क्रीडा अधिकारी होत्या, म्हणजे नळदुर्ग ज्या तालुक्यात येतं तिथंच. एवढं सांगून भाषणवाले थांबतात: बघा, जिद्द असली की कसं सोनं होतं. पण मधलं एक पान ते उलटून टाकतात. घरात वर्षानुवर्षं एकवेळच्या जेवणावर दिवस काढलेल्या या खेळाडूनं २०१६ मध्ये घरच्या ओढगस्तीमुळे खेळ सोडायचं ठरवलं होतं. प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनी समजूत घातली, आणि त्या मैदानावर परतल्या.

समजा, त्या परतल्या नसत्या. पुरस्कार नाही, नोकरी नाही. गावानं काय म्हटलं असतं? खेळापायी पोरगी वाया गेली, असंच ना? पण २०१६ पर्यंतची त्यांची वर्षं तर तीच होती. तेच पळणं, तीच चपळाई, तीच उपाशीपोटी केलेली सरावाची सत्रं. त्या वर्षांत तसूभर फरक नाही आणि निकाल मात्र पार उलटा! पुढं काय घडलं त्यावरून मागचं सगळं आयुष्य एकदा सोनं आणि एकदा माती ठरवणारं हे माप माणसाला लावण्याच्या लायकीचं नाही. आणि हौस पोट भरलेल्यांची असते म्हणणाऱ्यांनी त्या एकवेळच्या जेवणाकडे पुन्हा एकदा बघावं.

खेळाची बाजू घेणारी काही भली माणसं इथं मदतीला येतात आणि म्हणतात, खेळानं शिस्त लागते, संघभावना येते, निर्णयक्षमता वाढते. त्यांच्याशीही माझा मेळ बसत नाही. खेळाचा उपयोग सांगू लागलो की आपण विरोधकांच्याच हिशेबवहीत शिरतो. नोकरीच्या रकान्याऐवजी गुणांचा रकाना भरतो, एवढंच. मला सांगायचं आहे ते साधं आहे: खो-खो चांगला खेळता येणं हीच एक मोठी गोष्ट आहे.

ज्यांनी नीट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सविस्तर सांगतो. मधल्या पट्टीत आठ जण एकाआड एक उलट दिशेला तोंड करून चवड्यांवर बसलेले. नववा पाठलागावर. त्याला मधली पट्टी ओलांडता येत नाही, घेतलेली दिशा खांब गाठल्याशिवाय बदलता येत नाही. समोरचा पळणारा मात्र बसलेल्यांच्या मधून हवा तसा आरपार जातो. म्हणून त्यानं बसलेल्याच्या पाठीवर हात लावून "खो" द्यायचा. बसलेल्यानं तो मिळेपर्यंत जागचं हलायचं नाही, आणि मिळाला की डोळ्याचं पातं लवायच्या आत सुटायचं. एकेरी साखळी धरून, म्हणजे बसलेल्या एकेकाला नागमोडी वळसा घालत, पळणाऱ्यानं हुलकावणी देऊन सहा-सात खो वाया घालवले, की पाठलाग करणारा त्याला खांबाकडे ढकलू लागतो. खांब जेमतेम सव्वा मीटर उंच. पळणारा खांबाच्या पलीकडे वळतोय, पाठलागवाला एका हातानं खांब धरतो, सगळं अंग जमिनीला समांतर आडवं फेकतो आणि मोकळ्या हाताची बोटं पुढं. बोटं टाचेला लागली की गडी बाद. दोन बोटांनी हुकली, तर कोपर सोलवटलेलं आणि गडी पसार. ही झेप एकदा साधायला शेकडो वेळा मुरमावर आपटावं लागतं. जे अंग हे शिकलं ते कधीतरी सेकंदभर इतकं अचूक वागलं, की तसं बाकीच्या आयुष्यात फार थोड्यांचं वागतं. वयाच्या अठराव्या वर्षी नळदुर्गच्या एखाद्या पोराला हे साधलं, आणि त्याला आपण विचारतो, की यातून मिळालं काय? गाणाऱ्याला आपण विचारतो का, की सूर लागला, पण पगार किती वाढला?

आता गुडघ्याचं. विरोधकांचा हाच एक मुद्दा असा आहे की त्यामागं खरं दुःख आहे, आणि तो मी झटकणार नाही. या भागातल्या प्रत्येक जुन्या संघात जिना उतरताना कठडा धरणारा एखादा तरी गडी आहे. पण तो तसा का झाला, ते कुणी विचारतं का? खो-खोत बसल्या जागेवरून उसळून उठायचं असतं, पूर्ण वेगात थांबून वळायचं असतं, आणि त्यात पाय जमिनीला रोवलेला राहून गुडघा पिळवटला, की आतलं लिगामेंट तुटू शकतं. खेळाडूला आतून 'कट्' असा आवाज जाणवतो, काही तासांत गुडघा टम्म सुजतो. ही खूण दिसली की खेळ बंद, बर्फ, आणि हाडांचा डॉक्टर; चोळायचं तर मुळीच नाही. आपल्याकडे काय होतं? हळदीचा लेप, कुणाकडून तरी जोर लावून मालिश, वर घट्ट क्रेप बँडेज, दुखण्याची एक गोळी, आणि "उद्या सेमीफायनल आहे, गड्या, तुझ्याशिवाय कसं व्हायचं?" पोरगं दुसऱ्या दिवशी उतरतं. अर्धवट तुटलेलं तिथं पुरतं तुटतं. सूज ओसरल्यावर त्याला वाटतं बरं झालं. मग वर्षभर गुडघा मधूनच निसटत राहतो आणि आतली गादी झिजत जाते.

यात खेळण्याची चूक कुठली? अंग न तापवता उतरवणाऱ्यांची चूक आहे. सुजलेल्या पायावर खेळवणाऱ्यांची चूक आहे. स्पर्धा भरवून मैदानावर साधा बर्फसुद्धा न ठेवणाऱ्या आयोजकांची चूक आहे. फुटबॉलवाल्यांनी याच दुखापतींसाठी 'इलेव्हन प्लस' नावाचा वीस मिनिटांचा व्यायामक्रम बसवला. जे संघ तो नेमानं करतात त्यांच्या दुखापती लक्षणीय कमी झाल्याचं वारंवार दिसून आलं आहे. त्याला यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही. सावकाश पळणं, उठाबशा, एका पायावर तोल, उडी मारून गुडघा आत न वळू देता उतरणं, एवढंच. मुलींना तर हे जास्त लागतं, कारण पिळवटून लिगामेंट तुटायचा धोका त्यांना मुलांपेक्षा अधिक असतो. मग ज्याचा गुडघा गेला त्याला "खेळलास म्हणून भोग" म्हणायचं, की ज्यांनी ती वीस मिनिटं दिली नाहीत त्यांना जाब विचारायचा? रस्त्यात खड्डा होता म्हणून चालणाऱ्याला शिक्षा, अशी ही तऱ्हा.

पश्चात्तापाचा पत्ता चुकण्याची आपली खोड जुनी आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला गेले, तेही प्राचार्य खर्डेकरांनी आपलं घर गहाण ठेवून पैसे उभे केले तेव्हा. कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पण तिथं जपानी मल्लाशी लांबलेली लढत संपताच त्यांना लगेच सोव्हिएत मल्लासमोर उभं केलं गेलं. दोन लढतींमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती नियमानं मिळायला हवी होती, आणि ती मागायला तिथं भारताचा एकही अधिकारी हजर नव्हता. थकलेले खाशाबा हरले. ही हुरहुर कुणाची? खाशाबांची, की जो अधिकारी तिथं असायला हवा होता आणि नव्हता त्याची? पुढं अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर मिळाला. जाधवांच्या कुस्तीला कुणी चूक म्हणेल का? मग त्याच तऱ्हेच्या हयगयीनं ज्याचा खेळ तालुक्यातच खुंटला, त्याचा खेळ मात्र चूक?

थोडं बाहेर बघू. नळदुर्गात गोल्फचं मैदान नाही. येरवड्याला आहे, चेंबूरला आहे. गोल्फ हा हौशी माणसांचा खेळ; खेळणाऱ्यांतले जवळजवळ सगळे दुसरं काहीतरी करून पोट भरतात. आणि त्यांच्याकडेही पश्चात्तापाची ठरलेली यादी असते. शिकायला उशिरा लागलो. लांब फटक्याच्या नादात जवळचे फटके घोटले नाहीत. खेळ सुधारायचा सोडून नवनव्या काठ्या घेत राहिलो. पाठीचं दुखणं अंगावर काढलं. एका वाईट फटक्याच्या रागात पुढचे चार घालवले. ही यादी मला फार शहाणी वाटते, कारण तिच्यात एक गोष्ट कधीच नसते: "मी खेळायलाच नको होतं." ते हळहळतात ते कमी आणि कच्चं खेळल्याबद्दल. आपला गडी हळहळतो तो खेळल्याबद्दलच.

हौशी गोल्फपटूंचा शिरोमणी म्हणजे बॉबी जोन्स. पेशानं वकील, खेळाचे पैसे कधी घेतले नाहीत. १९२१ साली सेंट अँड्र्यूजच्या मैदानावर, एकोणीस वर्षांचा असताना, तिसऱ्या फेरीत अकराव्या होलला वाळूत अडकला आणि चिडून स्पर्धाच सोडून दिली. त्या वागण्याची खंत त्याला पुढं आयुष्यभर राहिली. पण त्यानं केलं काय? १९२७ साली त्याच मैदानावर तीच स्पर्धा जिंकली. १९३० साली चारही मोठ्या स्पर्धा एकाच वर्षात जिंकून अठ्ठाविसाव्या वर्षी तो थांबला. १९५८ साली त्याच गावानं त्याला आपलं मानद नागरिकत्व दिलं. खंत होती ती एका दिवसाच्या वागण्याची, आणि तिला उत्तर मैदानावरच दिलं गेलं. वर्षांवर काट मारायची गरज त्याला पडली नाही.

कुणी म्हणेल, श्रीमंतांचे दाखले आम्हाला कशाला? त्यांचा पैसा नको, पण त्यांची एक सोय मात्र उचलण्यासारखी आहे. गोल्फमध्ये हँडिकॅप असतो: प्रत्येक हौशी खेळाडूला त्याच्या कुवतीप्रमाणे काही फटक्यांची सूट. त्यामुळे सत्तरीतला माणूस पंचविशीतल्याशी खराखुरा सामना खेळतो. आपली रचना बघा. शालेय गट चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालचे. एकोणीस संपलं की कॉलेजचं पथक, तेही पदवीपर्यंत. त्यानंतर एकदम खुला गट, जिथं राज्यातले अव्वल खेळाडू. मधल्या माणसाला कुठंच जागा नाही. वयाच्या विसाव्या-एकविसाव्या वर्षी, अंग सगळ्यात तयार असताना, आपण हजारो खेळाडूंना घरी पाठवतो. मग ते चाळिशीत म्हणतात, "काय उपयोग झाला?" उपयोग व्हायला तुम्ही त्यांना खेळू कुठं दिलंत?

मान डोलावणाऱ्या माझ्या दोस्ता, आता तुझ्याशी. तुझ्या चुका मला मान्य आहेत, पण त्या तू सांगतोस त्या नाहीत. सुजलेला गुडघा लपवून तू उतरलास, ही चूक. बक्षिसाच्या रकमेसाठी एकाच दिवशी दोन गावांत दोन संघांकडून खेळलास, ही चूक. आणि सगळ्यात मोठी ही, की लग्न झालं, दुकान टाकलं, आणि तू मैदानाकडे पाठ फिरवलीस ती कायमची. पंचाची शिट्टी तू हातात घेतली नाहीस. खांबावरची झेप तुला येत होती, ती गल्लीतल्या पोराला शिकवली नाहीस. शेजारच्या लातूर जिल्ह्यातले रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार बघ: १९६९ चे महाराष्ट्र केसरी, १९७० साली एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण. लढणं थांबल्यावर पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत ते मल्ल घडवत राहिले. काका पवार त्यांच्याच हाताखालून पुढं आले. तुझ्याकडे सुवर्ण नसेल, पण विद्या आहे ना? ती घरात ठेवून तू पोरांना सांगतोस, की ती शिकूच नका?

तुझ्या वयाच्या लोकांनी या पौषात, खंडोबाची यात्रा आटोपल्यावर, पस्तिशीपुढच्यांचा खो-खो भरवावा. नऊ मिनिटांची पाळी दमवत असेल तर पाच मिनिटांची करा, झेप मारायला बंदी घाला, पण उतरा. पोरांना दिसू दे, की हा खेळ विसाव्या वर्षी मरत नाही.

शेवटी त्या पालकांशी, ज्यांच्या घरी मुलगी आहे. मुलाला निदान बारावीपर्यंत तरी मैदान मिळतं. मुलीला नववीतच घरी बोलावलं जातं: उन्हानं रंग काळवंडतो, उशीर होतो, लोक बोलतात, आणि शेवटी तेच वाक्य, खेळून काय मिळणार? पंधराव्या वर्षी चपळाईत सगळ्या तालुक्यात जिला तोड नाही अशी मुलगी आपण चुलीकडे वळवतो आणि ती पस्तीस वर्षांची झाली की तिला खरोखरीचा पश्चात्ताप असतो, तोही न खेळलेल्या वर्षांचा. तो तिला कुठल्या व्यासपीठावर सांगायला मिळत नाही. त्याला कुणी टाळ्या वाजवत नाही. दिल्लीत जानेवारी २०२५ मध्ये पहिला खो-खो विश्वचषक भारताच्या मुलींनी जिंकला आणि त्या संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती, म्हणून तुमच्या मुलीला खेळू द्या, असं मी म्हणणार नाही. तुमची मुलगी बहुधा त्या संघात जाणार नाही. ती तालुक्याला पहिल्याच सामन्यात हरेल, पुढच्या वर्षीही हरेल. तरीही तिला पाठवा. बूट घेऊन द्या, अंधार पडायच्या वेळी आणायला जा, गुडघा सुजला तर डॉक्टरकडे न्या, आणि एकोणिसाव्या वर्षी प्रमाणपत्राशिवाय ती घरी आली, तर तिच्या वर्षांचा हिशेब मागू नका. ती वर्षं तिनं पळून काढली आहेत, ती तिची आहेत.